ऊन आधी, सुट्टी नंतर

होळी पेटली की थंडी गेली, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. पेण-रोह्याकडे थंडी बऱ्याचदा होळीची वाटही बघत नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे गोधडी लागते आणि त्याच दिवशी अकरा वाजता अंगणातली फरशी पायाला चटके देते. मे महिन्यात कडक ऊन असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे मेमध्ये आपण सावध असतो. गाफील गाठतो तो मार्च. कोकणपट्टीत या दिवसांत जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला आत शिरायला उशीर होतो. जितका उशीर, तितका पारा वर. मार्च २०१७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या ४६.५ अंशांची बातमी देशभर झाली होती. तेवढं कशाला, ३७-३८ अंशांतही तीन वर्षांचं मूल दुपारपर्यंत मलूल होतं.

अडचण अशी की ऊन मार्चमध्ये येतं आणि सुट्टी एप्रिल सरता सरता लागते. मधल्या सात-आठ आठवड्यांत परीक्षा, पाडवा, चैत्रगौरीची हळदीकुंकवं, पापड-कुरडया, गावची जत्रा असं सगळं एकामागून एक येतं, आणि अंगणवाडीतलं किंवा पहिली-दुसरीतलं मूल या सगळ्यात पायात घोटाळत असतं. या दिवसांसाठी माझा मुख्य सल्ला एकच आहे : घराचं घड्याळ उन्हाकडे बघून लावा. बाकीचं बरंचसं त्यातून सुटतं.

मुलाचं उठणं साडेपाच-सहावर आणा. खेळणं, सायकल, दुकानातून काहीतरी आणणं, आजीबरोबर देवळात जाणं, हे सगळं साडेनऊ-दहाच्या आत. बारा ते चार मूल सावलीत आणि शक्यतो घरात. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. जेवण साडेसातला, अंथरूण नऊच्या आत. हे एका दिवसात होत नाही. महाशिवरात्रीपासून सुरुवात केली आणि दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकवत गेलं, तर पाडव्यापर्यंत बसतं. अनेक शाळा याच सुमाराला सकाळच्या होतात, त्यामुळे मोठ्या भावंडाचं वेळापत्रकही जुळून येतं. मूल लवकर झोपत नाही अशी तक्रार असेल, तर रात्री नऊला घरातली मोठी माणसं काय बघत बसलेली असतात ते एकदा तपासावं.

पहाटेच्या या वेळेला एकच गालबोट आहे, ते धुराचं. भातशेतीच्या गावांत याच दिवसांत राब भाजतात, डोंगरांना वणवे लागतात, आणि वारा पडलेला असला की धूर सकाळी खालीच रेंगाळतो. ज्या मुलाला आधीच बाळदमा आहे किंवा रात्री खोकल्याची उबळ येते, त्याला त्या सकाळी घरातच ठेवा आणि शेताकडच्या खिडक्या लावून घ्या. शेजाऱ्याचा राब कधी पेटणार ते आदल्या दिवशी विचारण्यात कमीपणा नाही.

आता पाण्याकडे वळू. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे, तरी खारेपाटातल्या कित्येक गावांना उन्हाळ्यात नळाची नाही तर टँकरची वाट बघावी लागते, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाणी साठवणं आलं म्हणजे पिंपं, टाक्या, बादल्या आल्या. घरात रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर यासारखी धोक्याची दुसरी वस्तू नाही. या वयाचं मूल डोक्याकडून जड असतं. अर्ध्या भरलेल्या बादलीत वाकलं आणि तोल गेला की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि आवाजही होत नाही. म्हणून पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं, नुसती वर ठेवलेली फळी नको. रिकामी बादली उपडी ठेवायची. न्हाणीघराची कडी बाहेरून आणि उंचावर हवी. झाकणाचा आणखी एक उपयोग म्हणजे डेंग्यूचा डास उघड्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ते टळतं. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. प्यायचं पाणी उकळून घ्यावं, किंवा मेडिक्लोर मिळालं असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापानंच घालावं. अंदाजे जास्त थेंब घातले तर वास येतो आणि मूल पाणीच पीत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही. हे आजीला पटवणं अवघड जातं, पण आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं, अंगावर जास्त वेळा घेतलं की झालं. थोड्या मोठ्या मुलाला तहान लागल्याचं सांगायचं सुचत नाही. त्याला खेळात दर अर्ध्या-पाऊण तासानं चार घोट देत राहायचं. शू कमी वेळा होतेय का आणि गडद पिवळी होतेय का, हे बघणं हा सगळ्यात सोपा हिशेब. पन्हं, कोकम सरबत, ताक, शहाळं ही आपल्याकडची पेयं उत्तमच, फक्त पन्ह्यातला गूळ मोठ्यांच्या चवीनं घालू नका.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र सरबतावर भागत नाही. आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात ओआरएसची पुडी मोफत मिळते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून केलेलं मिश्रण मापात राहत नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्यापेक्षा मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. डॉक्टर झिंकच्या गोळ्या देतात त्या जुलाब थांबले म्हणून बंद करायच्या नाहीत, चौदा दिवसांचा कोर्स पुरा करायचा. दुकानात फळांच्या चवीची रंगीत खोकी मिळतात, ती ओआरएस नव्हेत. त्यांत साखर फार असते आणि जुलाब उलट वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढा दिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी केली. तरीही पुडीवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा तासांत शू नाही किंवा मूल झोपाळल्यासारखं पडून राहिलं, तर घरी वाट बघायची नाही.

खाण्याच्या बाबतीत हा मोसम आपल्याकडे श्रीमंत आहे. वालाच्या ओल्या शेंगा, भांबुर्ड्याच्या पाल्यातली शेवटची पोपटी, मग चिंचा, कैऱ्या, ताडगोळे, काजूची बोंडं, पुढे करवंदं, जांभळं, फणस. मुलांना हे सगळं खाऊ द्यावं. पॅकेटातल्या कुरकुरीत वस्तूंसाठी हट्ट करणारं मूल ताडगोळ्याची साल नखानं काढण्यात अर्धा तास रमतं, हे करून बघण्यासारखं आहे. वरची पिवळट पातळ साल एका टोकाला सुटली की अखंड निघते, आणि आतलं पाणी अंगावर उडालं की पुढचा ताडगोळा ते स्वतःच मागतं. कोवळाच घ्या, जून झालेला पोटाला जड जातो. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा देऊ नका. बुळबुळीत गर घशात सरकतो. त्याचे बारीक तुकडे करा, वालाचे दाणे कुस्करा, करवंदा-जांभळाच्या बिया काढा. चिंचोका खाल्ला जातो त्याहून जास्त वेळा नाकात जातो, आणि नाकात गेलेला चिंचोका पाणी लागून फुगतो. तो घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो.

घास घशात अडकून मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्या. खोकता येईना, आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब. मोठ्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीनं आत-वर असे पाच हिसके. अडकलेली वस्तू बाहेर पडेपर्यंत किंवा मूल रडेपर्यंत आळीपाळीनं हेच. मूल निपचित पडलं तर लगेच १०८ला फोन. दिसत नसताना घशात बोट घालू नका. हे कागदावर वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणाला तरी एकदा दाखवायला सांगा.

काजूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बोंडाबरोबर बीही मुलांच्या हाती येते. त्या बीच्या कवचातलं तेल कातडी जाळतं. कच्ची बी दातानं फोडली तर ओठ सुजतात, आणि बी विस्तवात भाजली की तेल फुटून उडतं, नेमकं जवळ वाकून बघणाऱ्या चेहऱ्यावर. बिया भाजणं हे मोठ्यांचं काम, मुलांनी चार हात लांब उभं राहायचं. कैरीचा चीक तोंडाभोवती लागला तरी आग होते आणि काळे डाग पडतात, म्हणून देठ तोडून कैरी थोडा वेळ उलटी ठेवा आणि धुऊन मगच हातात द्या. फणसाच्या चिकाला खोबरेल तेल हे औषध सगळ्यांना माहीत आहेच.

फणसावरून आठवलं. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. घरचा फणस फोडला की आई आधी त्यांना शेजारीपाजारी वाटून यायला लावायची आणि मग घरच्यांची पाळी यायची, ही लहानपणची आठवण ते पुढे सांगत. भूदानाचं मूळ त्यात शोधणं अभ्यासकांवर सोडून देऊ. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर ही युक्ती आजही चालते. हातात पानावर चार गरे देऊन त्याला शेजारी पाठवा. त्याला काम मिळतं, आणि कुणाकडे काय चाललंय याची बातमीही घरात येते.

दुपारच्या चार तासांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. पेण पापडांचं गाव. पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या यांवर इथल्या कितीतरी बायकांचा संसार चालतो, आणि ज्यांना विकायचे नसतात त्याही घरापुरते करतात. पापडाच्या दिवशी मुलाला बाहेर हाकलण्याची आपली सवय असते. उलट करा. पीठ कुटून झालं की त्याच्या तळव्याला तेल लावून छोटा गोळा द्या. दोरा दाताखाली धरून आजी लाट्या कापते, ते बघताना मूल हलत नाही. त्याला लाट्या दहादहाच्या ओळीत मांडायला सांगा, दहा मोजणं पाटीशिवाय येतं. त्याचा पापड वाकडा होईल, तो वेगळा वाळवून त्याच्याच ताटात तळून वाढा. कच्ची लाटी तेलात बुडवून खायला सगळ्यांनाच आवडते, पण पापडखारामुळे लहान मुलाला एक पुरे, तीही पोटभर जेवल्यावर. वाळवणाची कावळ्यांपासून राखण हे जुन्या काळापासून मुलांचं काम आहे. ते सकाळच्या पाळीतच द्यावं. दुपारी बाराला गच्चीवर मूल नको, कावळ्यानं चार पापड नेले तर नेले.

दुसरा पर्याय मातीचा. पेण शहरात आणि हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात या दिवसांत कारखान्यांतून कच्च्या मूर्ती साच्यातून निघून वाळत असतात. ओळखीच्या कारखानदाराकडे सकाळी कामाची घाई नसताना अर्धा तास मुलाला घेऊन जा, आणि विचारून मूठभर शाडू घरी आणा. ओल्या फडक्यात बांधून ठेवली तर आठवडाभर चालते. सोंड सगळ्यात आधी तुटते, मग मूल ती आखूड करायला शिकतं. आपण मधे पडून सुंदर करून देऊ नये. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मात्र खेळायला देऊ नका. पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना ती चांगलीच तापते, आणि आत अडकलेला हात भाजू शकतो. रंगाचे फवारे चालू असलेल्या खोलीपासूनही दूर.

डोलवीच्या पोलाद कारखान्यात, नागोठण्याला किंवा धाटावच्या एमआयडीसीत पाळीनं जाणारी घरं इथं पुष्कळ. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी झोपलेला आणि उन्हामुळे मुलं घरात कोंडलेली, यातून रोजची चिडचिड होते. मग मोबाइल हातात जातो. त्यावर प्रवचन देण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलेली मर्यादा तेवढी लक्षात ठेवा : दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कुणीतरी शेजारी बसून. आळीतल्या तीन-चार घरांनी वार वाटून घेतले की सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी दोन तास मुलं एकत्र खेळतात. ज्या घरी रात्रपाळी, त्या घराची त्या आठवड्यात सुटका. यात भांडणं होतात, पण ती मुलांची मुलं मिटवतात.

रविवारची सहल लांबची नको. पेणहून सकाळच्या मेमूनं रोहा गाठा. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं येतात. मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, हे सांगितलं की सहा वर्षांचं मूल रूळ कुठे बदलतो ते शोधत बसतं. वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, परतीची गाडी चुकली तर दुपार स्टेशनातच जाते. महामार्गानं जाण्यापेक्षा हे बरं, २०११ पासून रुंद होत असलेल्या त्या रस्त्याची धूळ मुलांच्या नाकातोंडात जात नाही.

कुंडलिकेच्या काठी मात्र सावध राहा. कोलाडकडे ऐन उन्हाळ्यात नदीला पाणी दिसतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं. त्यावर राफ्टिंगही चालतं. पाणी सोडलं की घोटाभर पाण्याचा प्रवाह बघता बघता वाढतो. वर आभाळ कोरडं असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. गावकऱ्याला पाणी कधी येतं हे विचारल्याशिवाय मुलाला दगडांवर सोडू नका, आणि सोडलंत तर हात धरूनच.

विंचवाबद्दल घाबरवायचं नाही, पण रायगडात राहून न बोलणं योग्य नाही. उकाडा वाढला की संध्याकाळी लाल विंचू गडग्यांतून, लाकडांच्या रचलेल्या ढिगातून, पेंढ्यातून बाहेर पडतो, आणि लहान मुलाच्या अंगात तेवढंच विष जास्त भिनतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ च्या सुमाराला रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशी मुलं दगावताना बघत होते. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून त्यांनी विष हृदयावर काय करतं ते नोंदवलं, 'द लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी या दंशावर उपयोगी पडते हे दाखवून दिलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आपल्या जिल्ह्यातच सापडला आहे, वेळेत पोचणं तेवढं आपल्या हातात आहे. नुसतं ठणकत असेल तर बहुधा निभावतं, पण मुलाला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर एक मिनिटही घालवू नका. बांधणं, चिरणं, मांत्रिक, कांदा चोळणं, यांतलं काहीही नको. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं पेण किंवा रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. साप चावला तरी हेच, फक्त चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. उकाड्यामुळे अंगणात किंवा जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या. मण्यार रात्री अंथरुणात येते, डासांसारखीच तीही मच्छरदाणीमुळे अडते. चपला झटकून घालायची सवय तीन वर्षांच्या मुलालाही लागते, त्याला तो खेळ वाटतो.

राहिली शाळा. यंदा पहिलीत जाणारं मूल असेल तर एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो. २०२२ पासून राज्यात हा उपक्रम चालू आहे. मुलांकडून उड्या, रंग ओळखणं, वस्तू मोजणं, गोष्ट सांगणं असं करून घेतात आणि आईच्या हातात सुट्टीत काय काय करायचं ते देतात. तिथे मुलाला काही आलं नाही म्हणून घरी येऊन बाराखडी गिरवायला बसवू नका. वाल आणि पावटे एकत्र करून निवडायला द्या, सदऱ्याची बटणं स्वतः लावू द्या, डबा स्वतः उघडता येतोय का बघा. पहिलीतल्या मुलाची जूनमधली निम्मी रडारड डब्याच्या झाकणापायी असते. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर प्रवेश मिळतो. जन्मदाखला आणि आधार यांतल्या नावांत फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. लसीकरणाचं कार्डही काढा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर राहिलेला असतो तो बहुतेक वेळा इथेच लक्षात येतो. लसीकरणाचा दिवस आशाताईंना विचारून ठेवा आणि एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी, दहाच्या आत, उरकून टाका.